नाव सांगणारा आणि पत्ता देणारा : शाळेच्या लॅबमधले दोन सर्व्हर



संगणकाच्या तासाला सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य कोणतं? "सर, नेट गेलं!" हेच ना? पण दर वेळी नेटच गेलेलं असतं का? बरेचदा नेट जागेवर असतं. बिघडलेलं असतं दुसरंच काही, एकतर संगणकाला मिळालेला पत्ता किंवा नावावरून पत्ता शोधणारी सोय. आजचा पाठ या दोन गोष्टींवर आहे. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो, कारण ती झाली नसती तर मी हे शिकलो नसतो.

त्या दिवशी काय झालं?

अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्याला लागलं की पेढी नदीकाठचं वलगाव येतं. संत गाडगेबाबांनी १९५६ च्या डिसेंबरात जिथे देह ठेवला, ते हे ठिकाण. याच परिसरातल्या एका शाळेत मी शिकवतो. आमच्या लॅबमध्ये वीस संगणक, एक स्विच आणि नेटच्या जोडणीसोबत आलेला एक राउटर आहे. मागच्या बाकांपर्यंत वायफाय पोचत नव्हतं, म्हणून मी घरी पडलेला जुना वायफायचा डबा आणला, त्याची केबल स्विचमध्ये खोचली आणि घरी निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी आठवीचा तास होता. संगणक सगळे सुरू झाले, पण नेट निम्म्यांवरच. आदल्या दिवशी एक मुलगा सेटिंगच्या खिडक्या उघडून बसलेला मी पाहिला होता. झालं! मी त्याला सगळ्या वर्गासमोर झापलं. तो एवढंच म्हणाला, "म्या काहीच नाही केलं जी सर." मी ऐकलं नाही.

त्या आठवड्यात मुलांना संगणकाचा पत्ता कसा पाहायचा ते शिकवलं होतं. एका मुलीने सगळ्या संगणकांवर जाऊन आकडे वहीत उतरवले आणि वही माझ्यापुढे धरली. "सर, चालू हायेत त्याइचा तिसरा आकडा १ हाये, अन् बंद हायेत त्याइचा ० हाये."

बरोबर होतं. चालू संगणकांचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होत होते, बंदवाल्यांचे १९२.१६८.० ने. बंद संगणकावर सविस्तर माहिती उघडली तेव्हा 'डीएचसीपी सर्व्हर' अशी एक ओळ दिसली, म्हणजे पत्ता कोणी दिला ते. तिथे होता १९२.१६८.०.१. हा कोण? तर मी घरून आणलेला डबा! नेटची तार त्याला जोडलेलीच नव्हती, तरी तो लॅबमध्ये पत्ते वाटत बसला होता. ज्यांनी त्याचा पत्ता घेतला, त्यांना तो बाहेर जायचा रस्ताही स्वतःकडूनच सांगत होता आणि तो रस्ता कुठेच जात नव्हता.

झापलं होतं सगळ्यांसमोर, म्हणून माफीही सगळ्यांसमोरच मागितली. आणि ठरवलं, की आपल्या लॅबमध्ये पत्ते कोण देतो आणि नावं कोण सांगतो, हे आपल्याला कळलंच पाहिजे.

पत्ता देणारा : डीएचसीपी

नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. तो चार आकड्यांचा असतो आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. वीस संगणकांना असे पत्ते हाताने टाकता येतात. पण एकच पत्ता चुकून दोघांना पडला की दोघंही अडखळतात. त्यात पाहुण्यांचे मोबाइल आणि लॅपटॉप आले, की हाताने काम होत नाही.

आपल्याकडे लग्नात जानोशावर एक जबाबदार माणूस बसवतात. वऱ्हाडी आले की तो विचारतो, "किती जण?" मग वहीत पाहून सांगतो, "तुम्ही खोली नंबर सात." जेवण कुठे, पाणी कुठे, बाहेर जायचं दार कोणतं, हेही तोच सांगतो. डीएचसीपी सर्व्हरचं काम अगदी हेच. पूर्ण नाव डायनॅमिक होस्ट कॉन्फिगरेशन प्रोटोकॉल. त्याचे पहिले नियम १९९३ मध्ये ठरले, आणि पत्त्यांच्या या पद्धतीसाठी १९९७ ची सुधारित नियमावली पायाभूत मानली जाते.

बोलणं चार पायऱ्यांत होतं :

१. नवा संगणक ओरडतो, "इथे पत्ता देणारा कोणी आहे का?"
२. सर्व्हर म्हणतो, "आहे. हा पत्ता घे."
३. संगणक म्हणतो, "ठीक, हाच मला द्या."
४. सर्व्हर म्हणतो, "दिला. इतक्या वेळासाठी तुझा."

'इतक्या वेळासाठी' हे महत्त्वाचं. आपण शेत मक्त्याने देतो तसा हा पत्ता मुदतीवर असतो. साधारण अर्धी मुदत उलटली की संगणक स्वतःहून मुदत वाढवून मागतो. वाढवून मागितलीच नाही, तर मुदत संपल्यावर पत्ता मोकळा होतो आणि दुसऱ्याला देता येतो.

आता माझी चूक कुठे होती ते पाहा. संगणक ओरडतो तो सगळ्यांना उद्देशून. जानोशावर वह्या घेऊन दोन माणसं बसली, तर पाहुणा ज्याचं आधी ऐकू येईल त्याचं ऐकणार. म्हणून नियम पक्का लक्षात ठेवा : साध्या लॅबमध्ये पत्ते देणारा एकच असावा.

नाव सांगणारा : डीएनएस

माणसाला नावं आठवतात, यंत्राला आकडे लागतात. या दोघांची सांगड घालणारी पद्धत म्हणजे डोमेन नेम सिस्टम, थोडक्यात डीएनएस.

ही अडचण आपल्या टपाल खात्यालाही होती. एकाच नावाची कितीतरी गावं, त्यात पत्ते वेगवेगळ्या भाषांत लिहिलेले. आपलंच गाव इंग्रजीत कोणी 'डब्ल्यू'ने लिहितो, कोणी 'व्ही'ने. यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड आला. तो घडवणारे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी गृहस्थ, संस्कृतचे नाणावलेले कवी. अमरावतीचा पिन ४४४६०१, अकोल्याचा ४४४००१. दोन्हींत पहिले तीन आकडे तेच. ४ वरून देशाचा विभाग, पुढच्या दोन आकड्यांनी त्यातला लहान भाग, आणि शेवटच्या तिनांवरून टपाल कार्यालय. म्हणजे मोठ्याकडून लहानाकडे.

इंटरनेटवरही असाच गोंधळ झाला होता. सुरुवातीच्या काळात नेटवर्कवरच्या सगळ्या यंत्रांची नावं आणि पत्ते एकाच यादीच्या फाइलमध्ये असत. ती यादी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या हाताखालचा गट सांभाळत होता. नवं यंत्र जोडलं की त्यांना कळवायचं आणि सगळ्यांनी नवी यादी उतरवून घ्यायची. यंत्रं वाढली तशी ही पद्धत पुरेना. मग १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस मांडली. तिचं तत्त्व असं : सगळी यादी एकाकडे नको, ज्याचा जो भाग तो त्याने सांभाळावा.

महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळाचं नाव घ्या : महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन. सर्व्हर ते उजवीकडून वाचतो. आधी मुळाशी असलेल्या सर्व्हरला विचारतो, "इन कोणाकडे?" तिथून पुढच्याला, "गव्ह डॉट इन कोणाकडे?" आणि मग, "त्यातलं महाराष्ट्र कुठे?" पाकिटावरचा पत्ताही टपाल खातं असंच वाचतं ना? आधी खालची ओळ, जिल्हा. मग गाव, आणि शेवटी घर. मुळाशी असलेल्या या सर्व्हरांची नावं तेराच आहेत, पण त्यांच्या प्रती जगभर हजाराहून जास्त ठिकाणी आहेत. एकदा मिळालेलं उत्तर आपला सर्व्हर काही वेळ लक्षात ठेवतो. म्हणून वीस मुलांनी तेच पान उघडलं, तरी नाव शोधायला वीस वेळा बाहेर जावं लागत नाही.

आणि हो, नाव इंग्रजीतच हवं असं नाही. २७ ऑगस्ट २०१४ रोजी 'डॉट भारत' हे देवनागरी नाव सुरू झालं. मराठी, हिंदी, कोकणी धरून देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या आठ भाषांसाठी ते होतं. आत यंत्र त्याचं रोमन अक्षरांत रूपांतर करून घेतं, पण वाचणाऱ्याला ते मराठीतच दिसतं.

आम्ही लॅबमध्ये कसं उभं केलं?

गाडगेबाबा आधी गाव झाडत आणि मग रात्री कीर्तन करत. आमचाही पहिला शनिवार झाडण्यातच गेला. केबली सोडवल्या, दोन्ही टोकांना नंबर चिकटवले, घरून आणलेला डबा काढून ठेवला. मग मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन राउटरचा पासवर्ड मिळवला. पुढच्या पायऱ्या अशा :

१. आधी वही. पत्त्यांची वाटणी कागदावर करा. आम्ही १९२.१६८.१० हे घर धरलं. १ नंबर राउटर, २ नंबर सर्व्हर, ३ नंबर प्रिंटर. १०० ते १८० हे पत्ते वाटायला. मधले पुढच्या गरजेसाठी राखीव. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत, म्हणून ते तुमच्या घरीही चालतात आणि माझ्याही. प्रत्येक लॉजमध्ये १०१ नंबरची खोली असते, तसंच.

२. सर्व्हरसाठी जुना संगणक. नवीन घ्यायची गरज नाही. आम्ही ४ जीबी मेमरीच्या जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू टाकलं. सर्व्हरचा स्वतःचा पत्ता मात्र हाताने पक्का करा. पत्ते वाटणाऱ्याचाच पत्ता बदलता कामा नये.

३. डीएनएसमास्क. हे मोफत सॉफ्टवेअर नाव आणि पत्ता ही दोन्ही कामं करतं आणि लहान नेटवर्कला पुरतं. मोठ्या संस्थांत नावांसाठी बाइंड आणि पत्त्यांसाठी किया अशी वेगळी सॉफ्टवेअर वापरतात. शाळेला एवढा खटाटोप नको. एक अडचण सांगून ठेवतो. उबुंटूमध्ये नावं शोधणारी एक सेवा आधीच ५३ नंबरच्या पोर्टवर बसलेली असते. ती बाजूला केल्याशिवाय डीएनएसमास्क सुरू होत नाही आणि 'पत्ता आधीच वापरात आहे' अशी तक्रार करतो. आमचा अख्खा तास यात गेला.

४. सेटिंगच्या फाइलमध्ये सहा गोष्टी सांगा. कोणत्या केबलवर ऐकायचं, कोणते पत्ते वाटायचे, किती वेळासाठी (आम्ही आठ तास ठेवले, शाळा सुटेपर्यंत), बाहेर जायचा रस्ता कोणता (राउटर), नावं कोणाला विचारायची (हाच सर्व्हर), आणि जे नाव आपल्याकडे नाही ते पुढे कोणाला विचारायचं.

५. राउटरचा पत्ता बदला आणि त्याचं पत्तेवाटप बंद करा. हे विसरलात तर माझी गोष्ट तुमच्या शाळेत घडेल. राउटरच्या जुन्या सेटिंगचा फोटो काढून ठेवा. सर्व्हर बंद पडलाच, तर तेच परत चालू करता येतं.

६. प्रिंटरसाठी राखीव पत्ता. प्रत्येक यंत्राच्या नेटवर्क कार्डाला बारा अंक-अक्षरांचा एक मॅक पत्ता असतो. 'हा मॅक आला की ३ नंबरच द्यायचा' असं सर्व्हरला सांगता येतं.

७. नावं ठेवा. हा भाग मुलांचा. त्यांनी संगणकांना आपल्या नद्यांची नावं दिली : पेढी, वर्धा, चंद्रभागा, शहानूर, सापन, सिपना. पेढी पूर्णेला मिळते, म्हणून सर्व्हर झाला पूर्णा. यंत्रात ही नावं रोमन अक्षरांत आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी 'डॉट इंटर्नल' लावलं आहे. अंतर्गत वापरासाठी हा शेवट २०२४ मध्ये राखून ठेवला गेला आहे. 'डॉट लोकल' वापरू नका, त्याचं काम वेगळं आहे. ज्यांचे पत्ते पक्के आहेत त्यांची नावं सर्व्हरवरच्या होस्ट्स नावाच्या साध्या फाइलमध्ये लिहितात, एका ओळीत पत्ता आणि नाव. फाइनलर यांच्या काळातली ती यादी आजही लहान रूपात प्रत्येक संगणकात आहे, हे मुलांना जरूर दाखवा.

तपासायचं कसं?

मुलांना "नेट गेलं" म्हणायला आम्ही बंदी केली. त्याऐवजी क्रमाने हे पाहायचं :

• पत्ता मिळाला का? पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर पत्ता देणाऱ्याचं उत्तरच आलं नाही. केबल पाहा, सर्व्हर चालू आहे का पाहा.
• पत्ता कोणी दिला? आमच्याकडे उत्तर १९२.१६८.१०.२ हवं. दुसरं काही दिसलं, तर कोणीतरी परका डबा जोडला आहे.
• राउटरला पिंग जातं का? नाही गेलं तर दोष लॅबच्या आतच आहे.
• ८.८.८.८ ला पिंग जातं, पण नावाने पान उघडत नाही? मग नेट आहे, नाव सांगणारा गडबडला आहे.
• आकड्यालाही पिंग जात नाही, पण राउटरला जातं? आता म्हणा, नेट गेलं.

ज्याला मी झापलं होतं, तो मुलगा परवा दारातून ओरडला, "सर, पत्ता हाये, पण नाव सापडून नाही राह्यलं." मी उठायच्या आत सर्व्हर कोणी बंद केला ते तो पाहायला गेला होता.

शाळेला फायदा काय?

पहिला फायदा असा, की नेट खरोखरच गेलं तरी तास बुडत नाही. सर्व्हरवर आम्ही किविक्स या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मराठी विकिपीडिया उतरवून ठेवला आहे. बाहेरची तार तुटली तरी आतले पत्ते आणि आतली नावं चालू असतात. मुलं 'पूर्णा' टाइप करतात आणि वाचत बसतात.

दुसरा फायदा पालकांच्या काळजीचा. जे नाव आपल्याकडे नाही ते पुढे कोणाला विचारायचं, हे आपण ठरवतो. क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ हा सर्व्हर अश्लील आणि घातक संकेतस्थळांची नावं अडवतो. तो घरच्या राउटरमध्येही टाकता येतो. पण हे कुंपण आहे, राखणदार नव्हे. जाणता मुलगा सेटिंग बदलून पलीकडे जाऊ शकतो. मुलांशी बोलणं त्यामुळे टळत नाही.

एक सावधगिरीही सांगतो. नाव सांगणाऱ्याला सगळं कळतं, कोणत्या संगणकावरून कोणतं नाव विचारलं तेसुद्धा. ती नोंद दोष शोधण्यापुरती चालू करा आणि काम झालं की बंद करा. मुलांवर पाळत ठेवायला हा सर्व्हर नाही.

तोटा काय? सर्व्हर बंद, तर नव्याने सुरू होणाऱ्या संगणकाला पत्ता नाही आणि कोणालाच नाव सापडत नाही. म्हणून त्याला यूपीएस हवा, सकाळी सगळ्यांत आधी तो सुरू करायला हवा, आणि पत्त्यांची वाटणी भिंतीवर चिकटवलेली हवी. उद्या तुमची बदली झाली, तर येणाऱ्या शिक्षकांना तो कागदच वाट दाखवेल.

वर्गात घ्यायचा खेळ

संगणक नसले तरी हा पाठ घेता येतो. एका मुलाला 'पत्ता देणारा' करा, हातात १०० ते १२० नंबरांच्या चिठ्ठ्या द्या. दुसऱ्याला 'नाव सांगणारा' करा, हातात कोरी वही. बाकीचे नद्यांची नावं घेऊन येतील, चिठ्ठी घेतील आणि वहीत नोंद करतील. मग एकीला सांगा, "शहानूरला निरोप दे, पण फक्त नंबर वापरून." ती आधी वहीवाल्याकडे जाईल. खेळ रंगला की हळूच दुसऱ्या मुलाच्या हातात त्याच नंबरांच्या चिठ्ठ्या द्या आणि पाच मिनिटं गंमत पाहा. दोन पत्ते देणारे का नकोत, ते मग समजावून सांगावं लागत नाही.

पालकांसाठी घरचा अभ्यास : मोबाइलच्या वायफाय सेटिंगमध्ये जाऊन मुलासोबत स्वतःचा आयपी पत्ता आणि राउटरचा पत्ता शोधा. सुरुवातीचे आकडे सारखे आहेत का? मग दुसरा मोबाइल पाहा. वायफाय कधी अडलं, तर राउटर बंद-चालू करण्याआधी वरचे प्रश्न क्रमाने विचारून पाहा. आणि हो, दोष सापडेपर्यंत कोणाला झापू नका!